थिंकपॅड टी४८० : ८ जीबी रॅमची १६ करायची आहे, कोणती घ्यावी आणि कशी बसवावी?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप थिंकपॅड टी४८०, रिफर्बिश्ड. प्रोसेसर आय५-८३५०यू, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी एनव्हीएमई, विंडोज ११. अँड्रॉइड स्टुडिओ, एक एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) आणि क्रोमचे दहा-बारा टॅब एकत्र उघडले की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९३-९५ टक्क्यांवर जाते आणि टाइप केलेली अक्षरंसुद्धा थांबून थांबून उमटतात.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड : १ ऑफ २', 'स्पीड : २४००' आणि 'फॉर्म फॅक्टर : एसओडीआयएमएम' असं दिसतं.

प्रश्न असे :

१. दुकानात २४०० ची मिळत नाही, ३२०० ची आहे. ती जुन्या २४०० सोबत चालेल का?
२. अजून एक ८ घ्यावी की थेट १६?
३. या मॉडेलला आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या आहेत. आतली न काढता रॅम बसवता येते का? घरी करण्यासारखं आहे का?

पेचकस

रॅमच कमी पडते आहे ना, हे आधी पक्कं करा. टक्केवारीसोबत त्याच पानावरचा 'कमिटेड' आकडा पाहा. काम जोरात चालू असताना तिथे १२/१४ किंवा त्याच्या आसपास काही दिसत असेल, तर प्रोग्रॅमनी मागितलेली मेमरी तुमच्या ८ जीबीत मावत नाही. मागितलेली सगळीच एका वेळी वापरात असते असं नाही, म्हणून सोबत रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरी टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख लावून ठेवा. अक्षरं अडकतात नेमक्या त्याच क्षणी तो आलेख उसळत असेल, तर विंडोज एसएसडीवरून मेमरीचे तुकडे (पानं) ओढून आणतंय आणि उपाय रॅमच आहे. आलेख शांत असून प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल, तर रॅमवर पैसे घालून काही मिळणार नाही. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त वाटते. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायला गूगल स्वतःच किमान १६ जीबी सांगतं.

३२०० ची चालेल, निर्धास्त घ्या. प्रत्येक रॅमवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते. ती रॅम कोणकोणत्या वेगाला, किती टायमिंगवर चालू शकते याचं कोष्टक त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम) दोन्ही स्लॉटमधली कोष्टकं वाचतो आणि दोघींनाही झेपेल असा वेग ठरवतो. त्यातही ८व्या पिढीच्या या यू प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर डीडीआर४-२४०० च्या वर जात नाही. त्यामुळे ३२०० ची रॅम खाली येऊन २४०० वर चालेल. उलटी चूक मात्र करू नका. ड्रॉवरमध्ये पडलेली २१३३ ची लावली तर दोन्ही २१३३ वर उतरतील.

गेमिंगवाल्या, एक्सएमपी (जास्त वेगाची तयार सेटिंग) लिहिलेल्या रॅमवर जास्तीचे पैसे घालू नका. थिंकपॅडचा बायोस एक्सएमपी प्रोफाइल वापरत नाही, साधं कोष्टकच वापरतो. अशा काही रॅमचं साधं कोष्टक २१३३ लाच संपतं, म्हणजे महाग घेऊन वेग कमी.

पाकिटावर काय पाहायचं : डीडीआर४, एसओ-डीआयएमएम, २६० पिन, १.२ व्होल्ट, नॉन-ईसीसी (चुका दुरुस्त करण्यासाठीची जादा चिप नसलेली). डीडीआर५ ची लॅपटॉप रॅम २६२ पिनांची असते आणि समोर धरली तर डोळ्यांना जवळजवळ तशीच दिसते. फक्त मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती स्लॉटमध्ये बसत नाही. 'थोडा जोर लावला की बसेल' असं वाटलं की थांबा, रॅम चुकीची आहे.

८ की १६? दोन्ही स्लॉट भरले की ड्युअल चॅनल (दोन्ही रॅमशी एकाच वेळी देवाणघेवाण) सुरू होतं, आणि हा फायदा नुसत्या वाढलेल्या जागेइतकाच महत्त्वाचा आहे. २४०० च्या एका रॅमला सेकंदाला १९.२ जीबी वाट मिळते, दोघींना मिळून ३८.४. टी४८० मधलं यूएचडी ६२० ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे याच रॅममधून काम करतं, म्हणून एम्युलेटरचा पडदा सरकवताना फरक दिसतो. ८ + ८ घेतलं की संपूर्ण १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये येते. माझं मत ८ घ्या, आणि त्यातही आत्ता भाव चढलेले असताना.

एसपीडी_वाचक

पेचकस यांच्याशी बाकी सगळं सहमत, पण १६ चा पर्याय इतक्या लवकर सोडू नका. ८ + १६ लावली तर इंटेलचा फ्लेक्स मोड लागू होतो. दोन्ही स्टिकमधले ८-८ मिळून पहिले १६ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात आणि मोठ्या स्टिकचे उरलेले ८ सिंगलमध्ये. म्हणजे ड्युअल चॅनल हातचं जात नाही आणि एकूण २४ मिळतात. या मशीनला स्लॉट दोनच आहेत आणि अधिकृत मर्यादा ३२ जीबी आहे. आज ८ घेतली आणि वर्षभराने ३२ करावंसं वाटलं, तर दोन्ही ८ काढून टाकाव्या लागतील. आज १६ घेतली तर फक्त जुनी ८ बदलावी लागेल. एम्युलेटर एकच असेल तर ८ पुरे. दोन एम्युलेटर किंवा सोबत डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवायचा विचार असेल तर १६.

आता दुकानात काय पाहायचं ते. रॅमच्या लेबलवर पहिल्याच ओळीत '१आरएक्स८', '२आरएक्स८' किंवा '१आरएक्स१६' असं छापलेलं असतं. एक्सनंतरचा आकडा म्हणजे एक चिप एका वेळी किती बिट देते. ८ जीबीची १आरएक्स१६ टाळा. तीत आठऐवजी चारच चिप असतात. एक्स१६ चिपमध्ये बँक ग्रुप (चिपच्या आतले कप्प्यांचे गट) चारऐवजी दोन असतात, त्यामुळे एकामागून एक येणाऱ्या मागण्या जास्त वेळा ताटकळतात. चालते ती व्यवस्थित, पण किंमत तीच असेल तर १आरएक्स८ का घेऊ नये? स्वस्त ३२०० च्या रॅममध्ये १आरएक्स१६ पुष्कळ सापडतात, म्हणून पाकीट फोडायच्या आधी लेबल वाचा. प्लास्टिकच्या आडूनही चिप मोजता येतात.

सर्व्हरमधून निघालेल्या ईसीसी एसओ-डीआयएमएमही बाजारात फिरतात. आठच्या जागी नऊ चिप दिसल्या तर ती ईसीसी, तुमच्या कामाची नाही.

सुट्या, बिनपाकिटाच्या रॅमबद्दल. लॅपटॉपमधून काढलेली सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनची जुनी रॅम हा वाईट सौदा नाही. रॅमला एसएसडीसारखी लिहून लिहून झीज होत नाही. धोका असतो तो लेबल बदललेल्या मालाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर ऑनलाइन, दुकानदाराकडून 'चालली नाही तर बदलून देऊ' हे बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणारा फुकट प्रोग्रॅम) एसपीडी टॅब उघडा. तिथे चिपमधून वाचलेलं उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर आणि बनल्याचा आठवडा-वर्ष दिसतं. ते लेबलशी जुळत नसेल किंवा पार्ट नंबरची जागा रिकामी असेल तर त्याच दिवशी परत करा.

आणि हा धागा वाचून कोणी दुसऱ्या मॉडेलसाठी रॅम घेणार असेल तर : टी४८० ला दोन स्लॉट आहेत, पण टी४८०एस ला थोडी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली (काढता न येणारी) आणि एकच स्लॉट. टी४९० चंही तसंच. एक्स२८० आणि एक्स१ कार्बनमध्ये सगळीच सोल्डर केलेली, तिथे काही वाढवता येत नाही. नावात एका 'एस'चा फरक आहे आणि बरेच जण इथेच फसतात.

कोकणकडा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, ते देतो. आतली बॅटरी काढायची गरज नाही, पण ती *बंद* करायलाच हवी. बाहेरची काढली, चार्जर काढला, तरी आतल्या बॅटरीमुळे बोर्डवर वीज असते. अशा वेळी रॅम ओढली किंवा एखादा स्क्रू आत पडला तर स्लॉट किंवा बोर्ड जाऊ शकतो.

सुरुवात करण्यापूर्वी : डेटाचा बॅकअप घ्या. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला असेल तर बिटलॉकरची (विंडोजची ड्राइव्ह एनक्रिप्ट करणारी सोय) रिकव्हरी की फोनवर किंवा कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये बदल झाल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि की त्याच लॅपटॉपमध्ये असेल तर पंचाईत. एसडी कार्ड लावलेलं असेल तर काढून ठेवा.

मग लॅपटॉप पूर्ण बंद करा. साधं शटडाउन फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट असतं, म्हणून शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन निवडा. चार्जर काढा. पुन्हा चालू करून लेनोव्होचा लोगो आला की एफ१ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे कॉन्फिग, त्यात पॉवर, त्यात 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी'. हो म्हटलं की लॅपटॉप आपोआप बंद होतो. यानंतर तो पॉवर बटणाने चालू होणार नाही, घाबरू नका. काम झाल्यावर चार्जर जोडला की आतली बॅटरी आपोआप पुन्हा चालू होते.

चार-पाच मिनिटं थंड होऊ द्या. लॅपटॉप टेबलावर मऊ कापड घालून उलटा ठेवा. खालच्या दोन खिट्या सरकवून बाहेरची बॅटरी काढा. नंतर खालच्या झाकणाचे सहा स्क्रू छोट्या स्टार स्क्रूड्रायव्हरने सैल करा. हे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, पूर्ण बाहेर येत नाहीत, तेव्हा उपटत बसू नका. कडक असतील तर आधी नीट खाली दाब द्या आणि मगच फिरवा, नाहीतर डोक्याची फुली घासून जाते.

झाकण कडेने प्लास्टिकच्या आकड्यांनीही धरलेलं असतं. बॅटरी निघालेल्या मागच्या कडेपासून जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची नखी फटीत घालून हळूहळू पुढे सरकवा. प्रत्येक आकडा सुटताना 'टक' आवाज येतो आणि पहिल्यांदा तो ऐकून काहीतरी मोडलं असंच वाटतं. मोडतं ते धातूचा पेचकस वापरल्यामुळे. सगळीकडून सुटल्याशिवाय झाकण उचलू नका.

रॅमला हात लावण्याआधी उघड्या धातूला स्पर्श करा, उदाहरणार्थ यूएसबी पोर्टची पत्र्याची कड. कोरड्या हवेत हे जास्त जपा. विदर्भातल्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत स्टॅटिक चटकन तयार होतं. सिंथेटिक सतरंजीवर बसून हे काम नको. रॅम कायम कडेने धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट लावायचं नाही.

रिकामा स्लॉट शोधा. स्टिकची खाच स्लॉटच्या उंचवट्यासमोर आणा आणि साधारण ३० अंशांत तिरकी धरून दोन्ही अंगठ्यांनी *सारखा* दाब देत आत ढकला. सोनेरी पट्टी जेमतेम एखादा मिलिमीटर दिसेल इतकी ती आत गेली पाहिजे. मग वरून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिप एकदम 'खट' करून बसतात. एकच क्लिप बसली असेल तर रॅम वाकडी आहे, काढून पुन्हा लावा. रॅम पुरेशी आत न ढकलता नुसती खाली दाबली तरी क्लिप बसल्यासारखी वाटते. 'नवीन रॅम दिसत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

झाकण लगेच बंद करू नका. नुसतं वर ठेवा, बाहेरची बॅटरी आणि चार्जर लावा आणि आधी चालतंय का बघा.

वर्धाकाठ

सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. हार्ड फॉल्ट्सचा आलेख अडकण्याच्या वेळीच उसळत होता, कमिटेड १३ जीबीच्या वर होतं. जुन्या रॅमवर '८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी' आहे. नवीन ८ जीबी, १आरएक्स८, ३२०० ची आणून लावली.

आत्ता ही अवस्था : पॉवर बटणाचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. दोन मिनिटं झाली. काय करू?

पेचकस

रॅम बदलल्यावरच्या पहिल्या सुरुवातीला बायोस दोन्ही स्टिकसोबत वेळा जुळवून बघतो, त्यामुळे एखादा मिनिट स्क्रीन काळी राहणं नेहमीचं आहे. त्या वेळात बटण दाबून बंद केलं तर ते काम पुन्हा पहिल्यापासून. पण दोन-तीन मिनिटांच्या वर गेलं तर काहीतरी अडलंय असं धरा.

क्रमाने असं करा :

चार्जर आणि बाहेरची बॅटरी काढा. चार्जर लावल्यामुळे आतली बॅटरी आता पुन्हा *चालू झाली आहे*, हे विसरू नका. स्क्रीन येत नसल्याने बायोसमधून ती बंद करता येणार नाही. टी४८० च्या खालच्या बाजूला इमर्जन्सी रिसेटचं बारीक छिद्र आहे. सरळ केलेली कागदाची पिन त्यात हलकेच दाबा, म्हणजे अडकलेलं मशीन बंद पडेल. त्यानंतर आतल्या बॅटरीचं कनेक्टर बोर्डवरून काढा. वायर ओढू नका, प्लास्टिकचा भाग धरून काढा.

आता दोन्ही रॅम काढा आणि फक्त जुनी लावून सुरू करा. चाललं तर बोर्ड ठीक. मग त्याच स्लॉटमध्ये फक्त नवीन लावा. तीही चालली तर दोन्ही रॅम चांगल्या आहेत आणि आधी एक नीट बसली नव्हती. नवीन एकटी चालली नाही, तर ती खराब किंवा चुकीची. प्रत्येक अदलाबदलीआधी वीज पूर्ण तोडायची, हे कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

कोकणकडा

जुनी रॅम काढलीच आहे तर तिच्या सोनेरी पट्ट्या उजेडात बघून घ्या. किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत वापरलेल्या रिफर्बिश्ड मशीनमध्ये त्यांवर काळपट थर सापडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल न धागे सुटणाऱ्या कापडावर घेऊन पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. दुकानात खोडरबर फिरवायची पद्धत सर्रास आहे. त्याने थर जातो हे खरं, पण सोन्याचा मुलामाही झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीन दुखणं. अल्कोहोल मिळालंच नाही तर पांढरा मऊ रबर, अगदी हलक्या हाताने, आणि लॅपटॉपपासून दूर नेऊन.

वर्धाकाठ

झालं! दोन्ही रॅम एकेकट्या चालल्या. पट्ट्या पुसून दोन्ही पुन्हा लावल्या. नवीन रॅम या वेळी आधीपेक्षा चांगली दोन मिलिमीटर जास्त आत गेली, आधी तिरकीच बसली होती. पंचेचाळीस सेकंदांत लोगो आला. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, २४००, '२ ऑफ २'. सीपीयू-झेडमध्ये चॅनलपुढे ड्युअल दिसतं आणि पार्ट नंबरही लेबलशी जुळतो.

दोन गोष्टी खटकल्या. सेटिंगमध्ये '१५.८ जीबी यूजेबल' लिहिलंय. आणि सी ड्राइव्हवरची जवळजवळ ३ जीबी जागा कमी झाली. रॅमचा आणि डिस्कचा काय संबंध?

एसपीडी_वाचक

१५.८ बरोबर आहे, उरलेला तुकडा ग्राफिक्स आणि फर्मवेअरने राखून ठेवलेला असतो. १६ बसवून ८ च्या आसपासच 'यूजेबल' दिसत असतं तर मी एमएसकॉन्फिगमध्ये बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, 'मॅक्सिमम मेमरी'वरची खूण काढायला सांगितलं असतं. तुमच्याकडे ती गरज नाही.

डिस्कवरची जागा हायबरनेशनच्या (बंद होताना रॅममधलं डिस्कवर साठवून ठेवणं) फाइलने घेतली. तिचा आकार विंडोज मूळ सेटिंगमध्ये रॅमच्या ४० टक्के ठेवतं. ८ जीबीला ती ३.२ जीबी होती, १६ ला ६.४. फरक बरोबर ३.२. हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजीने ते बंद करून सगळी जागा परत मिळवता येते, सोबत फास्ट स्टार्टअपही बंद होईल. एनव्हीएमई असल्यामुळे ते जाणवणारही नाही. पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) मात्र 'रॅम आता भरपूर आहे' म्हणून बंद करू नका. ती विंडोजच्याच ताब्यात राहू द्या. बंद केली की कमिटेडची मर्यादा थेट १६ च्या खाली येते आणि एम्युलेटर कारण न सांगता बंद पडू लागतो.

शेवटचं काम राहिलंय, तेही झाकणाचे स्क्रू आवळायच्या आधी. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून रात्री लावून झोपा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात आणि १६ जीबीला त्यात काही तास जातात. चार्जर लावलेला असू द्या आणि लॅपटॉप कडक टेबलावर, गादीवर नको. सकाळी एरर शून्यच हव्यात. 'एकच आहे, चालतंय की' असं म्हणून सोडू नका. अधूनमधून येणारी निळी स्क्रीन किंवा झिप फाइल उघडताना येणारी चूक त्या एका बिटातून येऊ शकते. एरर आलीच तर एकेक रॅम *त्याच* स्लॉटमध्ये लावून तपासा, मग चांगली ठरलेली रॅम *दुसऱ्या* स्लॉटमध्ये. एरर रॅमसोबत फिरली तर रॅम बदलून घ्या, बिल तयार आहेच. स्लॉटसोबत राहिली तर आधी स्लॉट साफ करून पुन्हा एक रात्र द्या.